खारेपाटातली बंदिस्ती आणि विकास आराखडा: एका प्रकरणाचा अभ्यास

प्रारूप आराखड्यासोबत लावलेल्या 'सध्याचा जमीन वापर' नकाशात खाडीकाठच्या ६२ हेक्टरांच्या बंदिस्तीपैकी (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीपैकी) ३४ हेक्टर 'पडीक', ४ हेक्टर 'जलाशय', ३ हेक्टर 'कांदळवन' आणि उरलेली २१ हेक्टर 'शेती' अशी नोंद होती. प्रत्यक्षात त्या बंदिस्तीत ५१ हेक्टरांवर दर पावसाळ्यात भात होते. 'जलाशय' म्हणजे जिताडा मासा पाळायची तळी. नकाशातल्या 'पडीक' रंगाच्या आधारे महामार्गाकडची २० हेक्टर निवासी विभागात गेली आणि उरलेल्या शेतीतून, मुख्य नाल्याला आडवा, ३० मीटर रुंदीचा रस्ता आखला गेला. रस्त्याखाली पाणी जाण्यासाठी ९०० मिलिमीटर व्यासाच्या तीन ह्यूम पाइपांची मोरी दाखवली होती.

गावाचे नाव आणि सर्व्हे क्रमांक मुद्दाम दिलेले नाहीत. पेण-उरण पट्ट्यातल्या खाडीकाठी ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात त्या इथे एका बंदिस्तीवर मांडल्या आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे ठेवले आहेत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचे, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी अधिसूचित झाले. त्यामुळे हा प्रश्न आता एका-दुसऱ्या गावाचा राहिलेला नाही.

बंदिस्ती कशी चालते

खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातली, भातजमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. खाडीचे पाणी बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, अडवतो आणि आतले पावसाचे पाणी उघाडीतून, म्हणजे त्या बांधातल्या झडपेच्या दारांतून, ओहोटीला बाहेर पडते. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने ढकलली जाते. पहिल्या दमदार पावसाचे गोडे पाणी खाचरांत कोंडून, मीठ विरघळवून सोडून द्यायचे, मग पुन्हा भरायचे. एक-दोनदा अशी धुलाई झाली की जमीन लावणीला येते. भाताचे पीक जमिनीच्या संपृक्त अर्कातली (माती पाण्याने पुरती भिजवून गाळलेल्या पाण्यातली) क्षारता साधारण ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की मार खायला लागते. एप्रिल-मे मध्ये याच जमिनीची क्षारता त्याच्या कितीतरी पट असते. पनवेल १, २ आणि ३ हे वाण पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठीच काढले, पण वाण कितीही सोशिक असला तरी पाणी बाहेर काढायला उघाडी आणि नाला लागतोच.

म्हणून खारेपाटात मोजायचे आणि राखायचे एकक सातबारा नव्हे, अख्खी बंदिस्ती. एखाद्याचा अकरा गुंठ्यांचा हिस्सा हिरव्या रंगात राहिला आणि शेजारच्या हिश्श्यात दोन मीटर मुरूम पडला, तर कागदावर शेती वाचते आणि जमिनीत ती दोन-तीन हंगामांत संपते. आराखड्यावरच्या बहुतेक हरकती मात्र 'माझा सर्व्हे नंबर वगळा' एवढ्याच असतात आणि त्या एकेक करून फेटाळणे सोपे जाते.

नकाशा का चुकला

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे आराखड्याआधी सध्याच्या जमीन वापराचे सर्वेक्षण करायचे असते. इथे ते हवाई चित्रांवरून झाले आणि चित्रे उन्हाळ्यातली होती. ढग नसतात म्हणून चित्रे त्याच दिवसांत घेतात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू शोधायला नको. पण एकपिकी खारी जमीन एप्रिलात वरून पाहिली तर भेगाळलेली, मिठाच्या पांढऱ्या थराची, गवताचे पातेही नसलेली दिसते. चित्र पाहून रंग भरणाऱ्याने तिला पडीक म्हटले. वाल, कलिंगड किंवा कांदा घेणारी थोडी उंचावरची खाचरे हिरवी दिसली, तेवढी शेती ठरली.

चित्रावर शंका आली तर पडताळायला सातबारा असतो, आणि तिथे दुसरी चूक झालेली होती. ई-पीक पाहणीत त्या खरिपात ५१ पैकी २९ हेक्टरांचीच नोंद होती. उरलेल्या खात्यांचे मालक मुंबई-ठाण्याला, जमीन कसणारा चुलतभाऊ गावात आणि ॲपमध्ये नोंद कोणी करायची यावर दोघेही गप्प. ॲपमधला फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, त्यामुळे चाकरमान्याला घरबसल्या ते जमत नाही. पण गावातल्या एका मोबाइलवरून इतर खातेदारांचीही नोंद करता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हते. नोंद नसलेली जमीन सातबाऱ्याच्या गाव नमुना बारात कोरी राहते, आणि कोरा रकाना म्हणजे 'पड' असे वाचले जाते.

तिसरी चूक नाल्याची. मुख्य नाला गाव नकाशावर नव्हताच. तो वेगवेगळ्या हिश्श्यांतून जातो आणि त्याचे क्षेत्र प्रत्येकाच्या सातबाऱ्यात पोटखराबात, म्हणजे लागवडीलायक नसलेल्या क्षेत्रात, मोडते. इतरांच्याही वापरातली वाट, तळे किंवा ओढा असेल तर ते क्षेत्र 'पोटखराब ब' मध्ये दाखवायला हवे. इथे नाल्यालगतच्या १४ हिश्श्यांपैकी नऊंत ते 'अ' मध्ये पडले होते, दोघांत पोटखराबच नव्हता. जो नाला सरकारी कागदात सार्वजनिक नाही, तो आराखडा करणाऱ्याला दिसत नाही.

गावाने केलेली मोजणी

कागद आधी गोळा केले: सर्व हिश्श्यांचे सातबारे आणि आठ अ, आकारबंद (प्रत्येक सर्व्हे क्रमांकाच्या क्षेत्राची आणि आकारणीची नोंद), गाव नकाशा, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण आणि फाळणी नकाशे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आकारबंदाशी जुळवून पाहिले. जिथे फरक निघाला ते हिस्से वेगळे काढले, कारण सुनावणीत समोरचा पहिले बोट तिथेच ठेवतो.

गाव नकाशा १:७९२० या प्रमाणाचा, म्हणजे एका इंचाला ६६० फूट. या प्रमाणात नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास ४ मीटर रुंद होते. कागद आकसतो ते वेगळेच. मोबाइलच्या जीपीएसची चूकही उघड्यावर ३ ते ५ मीटरांची. त्यामुळे वापर कोणता हे सांगायला मोबाइल पुरतो, हद्द सांगायला नाही. ही सीमा पाळली नाही की हरकत भावकीच्या भांडणात अडकते. ज्यांच्या हद्दीचा वाद होता त्यांनी हद्द कायम मोजणीचा स्वतंत्र अर्ज केला. बाकीच्यांनी हद्दीचा उल्लेखच टाळला. नकाशा जमिनीवर बसवायला पक्के खुणेचे बिंदू लागतात. खारेपाटात हद्दीचे दगड चिखलात रुततात, म्हणून उघाडीचे बांधकाम, देवळाचा कट्टा, जुनी विहीर आणि शिवेवरचा एक सापडलेला दगड असे चार बिंदू घेतले.

पिकाची फेरी ऑगस्टात, लावणी उरकल्यावर केली. प्रत्येक हिश्श्याचा एक फोटो बांधावरून, त्यात शेजारची कायमची खूण दिसेल असा. नुसत्या हिरव्या भाताचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो.

खरे काम पातळीचे होते. ऑटो लेव्हल (पातळी मोजायचे दुर्बिणीचे यंत्र) भाड्याने मिळते. ती नसेल तर पारदर्शक नळीनेही काम भागते, फक्त नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि मोजत मोजत शेवटी परत सुरुवातीच्या बिंदूवर यायचे. फरक ३ सेंटिमीटरांच्या वर गेला तर फेरी पुन्हा. उघाडीच्या उंबऱ्याला १०.०० मीटर ही स्थानिक पातळी दिली. दहा अशासाठी की नाल्याचा तळ उंबऱ्याखाली गेला तरी आकडे उणे होत नाहीत. खाचरे १०.५५ ते १०.९५ च्या दरम्यान निघाली. उधाणाच्या भरतीची खूण उघाडीच्या बाहेरच्या भिंतीवर शेवाळाच्या वरच्या कडेने दिसते. तीही अमावास्येच्या भरतीला प्रत्यक्ष पाहून पक्की केली: १२.६०. बाहेरकाठ्याचा माथा बहुतेक ठिकाणी १३.३० होता, मात्र एका ७० मीटरांच्या तुकड्यात तो बसून १२.७५ वर आला होता. तिथे उधाण आणि शेत यांच्यात उरले होते जेमतेम १५ सेंटिमीटर. आराखड्यावरचे भांडण चालू असताना खांड (बांधाला भगदाड) तिथूनच पडली असती.

मातीचे नमुने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर खोलीचे, मे मध्ये आणि पुन्हा जुलैच्या मध्यात घेतले. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना क्षारता कोणत्या पद्धतीने काढली ते बघावे लागते. माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात मिसळून काढलेला आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. दोन्हींची सरमिसळ केली तर जमीन आहे त्याहून गोडी वाटते. मे आणि जुलैच्या आकड्यांतला फरक हाच बंदिस्ती चालू असल्याचा पुरावा ठरला: मीठ धुतले जाते आहे, म्हणजे जमीन पडीक नाही.

भरावाचा हिशेब

एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस कोकणाला नवा नाही. बंदिस्तीच्या ६२ हेक्टरांवर तो पडला तर १,२४,००० घनमीटर पाणी होते. डोंगराकडून येणारे पाणी यात धरलेले नाही, म्हणजे हिशेब कमीतला आहे. हे पाणी ओहोटी येईपर्यंत खाचरांतच थांबते. सगळ्या क्षेत्रात पसरले तर खोली २० सेंटिमीटर. आता २० हेक्टरांवर भराव झाला की तिथले पाणी उरलेल्या ४२ हेक्टरांत येणार; खोली साडेएकोणतीस सेंटिमीटर. लावणी होऊन पंधरवडाच झालेले रोप जेमतेम तेवढेच उंच असते. २० सेंटिमीटरला शेंडे वर राहतात, तीसला बुडतात.

मग मोरी. उघाडीला १.२ बाय १.२ मीटरची चार दारे, एकूण ५.७६ चौरस मीटर. एका ओहोटीला ती जेमतेम पाच तास वाहते. पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला एक मीटर धरला तर एका ओहोटीत सुमारे १,०४,००० घनमीटर पाणी निघते, म्हणजे दुसऱ्या ओहोटीत बंदिस्ती मोकळी. आराखड्यातल्या तीन पाइपांचे मिळून क्षेत्र १.९१ चौरस मीटर. रस्ता उघाडीच्या अगदी अलीकडे नाला ओलांडत असल्याने जवळपास सगळे पाणी या पाइपांतूनच जाणार. त्याच वेगाने एका ओहोटीत ३४,००० घनमीटर. तेवढेच पाणी काढायला चार ओहोट्या, दोन दिवस. आणि पाइपात गाळ बसला, एखादी प्लॅस्टिकची गोणी अडकली की त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस लागला तर शेत रिकामे होतच नाही. हा हिशेब आठवीतल्या मुलाला करता येतो, पण तो हरकतीत लिहून दिलेला क्वचितच दिसतो.

सीआरझेडचा उलटा फास

गावात सुरुवातीला सगळ्यांचा भरवसा सीआरझेडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या नियमांवर होता. खाडीला लागून आहे, कोण बांधणार? हा भरवसा इथे चुकीचा होता. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. बाहेरकाठा जुना असल्याचे कागद गावाने मोठ्या अभिमानाने जमवले होते; त्याच कागदांनी आतली जमीन सीआरझेडबाहेर काढली. उलट बांध फुटून खारे पाणी आत आले आणि कांदळ वाढले, तर तेवढे क्षेत्र सीआरझेड-१अ या संरक्षित वर्गात जाते. मग तिथे इमारत होणार नाही, पण भातही होणार नाही. बंदिस्तीतली ती ३ हेक्टर अशीच गेली आहेत: जुनी खांड वेळेत बुजवली नाही, काही वर्षांत कांदळवन उभे राहिले, आता तोडणे गुन्हा. भातशेती टिकवायची तर त्यासाठी विकास आराखड्यातच जागा मिळवावी लागते.

हरकत आणि सुनावणी

कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात. जाहिरातीतली शेवटची तारीख वाचून भिंतीवर लिहून ठेवावी. हरकत कोणीही घेऊ शकतो. सातबाऱ्यावरच्या तेवीस जणांच्या सह्या जमवण्यात महिना घालवायची गरज नाही. इथे एक सामाईक हरकत सगळ्या बंदिस्तीची आणि नाल्यालगतच्या खातेदारांच्या वेगळ्या हरकती असे केले. सामाईक हरकतीत मागण्या चारच ठेवल्या. ४२ हेक्टर एकसंध हरित विभागात ठेवावीत. नाला १२ मीटर रुंदीचा जलमार्ग म्हणून आखावा. मोरीचे क्षेत्र उघाडीपेक्षा कमी नसावे. आणि निवासी विभागाने आपले पाणी आपल्याच हद्दीत रोखावे. प्रत्येक मागणीमागे एक नकाशा, एक तक्ता. 'अन्नदाता', 'भूमिपुत्र' हे शब्द त्यात नव्हते. ते मोर्चात शोभतात, नियोजन समितीपुढे मोरीचा आकार बोलतो.

२० हेक्टरही वगळा, अशी मागणी केली नाही, कारण तिथल्या निम्म्याहून अधिक खातेदारांना निवासी विभाग हवाच होता. महामार्गाला लागून जमीन, वर्षाला एकच पीक, पोरे कंपनीत कामाला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना बजावण्यासारखी गोष्ट निराळी होती. नैना क्षेत्रातल्या (नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातल्या) नगररचना परियोजनांत मूळ क्षेत्राच्या ४० टक्के विकसित भूखंड मालकाकडे येतो. अकरा गुंठ्यांच्या सामाईक हिश्श्याचे साडेचार गुंठेही होत नाहीत आणि त्यावर तेवीस नावे. वारस नोंदी आणि वाटप आधी उरकले नाही तर तो भूखंड विकताही येत नाही आणि बांधताही येत नाही.

सुनावणीत ४२ हेक्टरांचा हरित विभाग आणि नाल्याची आखणी मान्य झाली. तीन पाइपांच्या जागी २ बाय १.५ मीटरच्या दोन चौकोनी मोऱ्या आल्या, म्हणजे ६ चौरस मीटर. पाणी रोखण्याची मागणी अर्धवटच पदरात पडली: २० हेक्टरांच्या ४०,००० घनमीटरांसाठी मीटरभर खोलीचे ४ हेक्टरांचे तळे लागले असते, मिळाले दीड हेक्टरांचे. तरी साडेएकोणतिसाची खोली २६ सेंटिमीटरवर येते. पूर्वीच्या २० पेक्षा ती जास्तच. उंच रोपांच्या वाणाकडे वळणे आणि दाढ (भाताची रोपे) आठवडाभर आधी टाकणे एवढाच उपाय उरतो.

मधल्या काळातला भराव

आराखडा मंजूर व्हायच्या आधीच निवासी पट्ट्यातल्या सहा एकरांवर डंपर सुरू झाले. भराव नाल्याच्या काठावरून आत घसरला आणि नाला निम्मा बुजला. तक्रार तीन ठिकाणी गेली. विनापरवाना विकासकाम म्हणून नियोजन प्राधिकरणाकडे, कलम ५३ च्या नोटिशीसाठी. मुरमाची वाहतूक परवान्याने होते का हे पाहण्यासाठी तहसीलदाराकडे. आणि पाण्याचा प्रवाह अडवल्याबद्दल मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा. शेवटची वाट सगळ्यांत कामाची ठरली. या दाव्याला मालकीचे कागद कमी आणि वहिवाटीचा पुरावा जास्त लागतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल व्हावा लागतो. 'पावसाळ्यात बघू' म्हणत बसलेल्यांची मुदत इथेच निघून जाते. ऑगस्टातले फोटो आणि नाल्याच्या तळाच्या पातळ्या आधीच हातात असल्याने स्थळपाहणीच्या पंचनाम्यात किती भरले ते आकड्यात लिहिता आले. नाला मोकळा करण्याचा आदेश झाला.

उरला बाहेरकाठा. ही बंदिस्ती खाजगी आहे, सरकारी खारभूमी योजनेत नाही, म्हणून तिची डागडुजी खातेदारांच्या वर्गणीतून होते. आतापर्यंत वर्गणी ६२ हेक्टरांवर बसत होती. निवासी पट्टा बाहेर पडला की तोच खर्च ४२ हेक्टरांवर येतो, म्हणजे गुंठ्यामागे जवळपास दीडपट. बाहेरकाठा फुटला तर निवासी पट्ट्यातही खारे पाणी शिरणार, तरी वर्गणीतून ते सुटलेले. हा मुद्दा हरकतीत घातलेला नव्हता. आता निवासी पट्ट्यातल्या प्रत्येक विकास परवानगीत बाहेरकाठ्याच्या देखभालीचा हिस्सा अट म्हणून घालावा, असा वेगळा अर्ज प्राधिकरणाकडे दिला आहे. तोवर बसलेल्या ७० मीटरांवर माती चढवण्याचे काम जूनच्या उधाणाआधी जुन्याच हिशेबाने, सगळ्या खातेदारांकडून वर्गणी गोळा करून करायचे ठरले आहे.